तबकड्यांची वही

मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'इतिहासाचे काहीतरी' लिहून द्या, असे संपादिकाबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणणार होते. मंडळाच्या इतिहासाचे काम अधिक माहीतगार भगिनींकडे गेलेले आहे, आणि इतिहास हा काही माझा शिकण्याचा विषय नव्हे. परंतु माझ्याकडे एक वही आहे. खरे म्हणजे आता नऊ वह्या आहेत. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या आणि सिनेमाच्या गाण्यांची पुस्तके यांची नोंद मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्यांत करीत आले आहे. ही उठाठेव मुळात मंडळाच्याच एका वर्गातून, आणि तीही माझ्या हातून घडलेल्या एका चुकीतून सुरू झाली. तेव्हा तिची हकीगत मंडळाच्या स्मरणिकेत यावी, हे एका परीने योग्यच आहे.

१९७४ साली आपल्या हस्तकलेच्या वर्गात 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवले जाई. जुन्या भगिनींना आठवत असेल, त्यात जुन्या रेकॉर्डींच्या परड्या करायला शिकवीत. कढत पाण्याच्या पातेल्यात रेकॉर्ड बुडवायची, मऊ पडली की उपड्या वाटीवर बसवून कडेला चुण्या पाडायच्या, आणि गार झाली की वर सोनेरी रंगाचा हात. फळे ठेवायला, फुले ठेवायला सुरेख परडी! मी नवी सून. लग्नाला सातच वर्षे झालेली. माळ्यावर सासूबाईंची एक पत्र्याची पेटी होती व तीत चाळीसेक रेकॉर्डी होत्या. चावीचा फोनो केव्हाच नादुरुस्त होऊन पडला होता. पेटीतली सर्वांत वरची रेकॉर्ड मी काढली, तिची कड एका ठिकाणी जरा फुटकीच होती, आणि वर्गाला घेऊन गेले. परडी छान जमली. बाईंनी ती सर्वांना दाखवलीसुद्धा.

घरी आणल्यावर सासूबाईंनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली, फुटक्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "बरी झालीय." दुसऱ्या दिवसापासून त्या तीत पूजेसाठी प्राजक्ताची फुले वेचून आणू लागल्या. यापलीकडे त्या विषयावर त्या पाच वर्षे एक शब्द बोलल्या नाहीत.

१९७९ मध्ये त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. दुपारचे वाचन बंद झाले, तेव्हा वेळ जावा म्हणून यांनी कुठूनसा एक चालू फोनो मिळवून आणला. पेटी खाली काढली, आणि मग मला एक नवल दिसले. सासूबाईंना इंग्रजी मुळीच वाचता येत नसे आणि आता तर मराठीही दिसत नव्हते. तरी त्या पेटीत हात घालून नेमकी हवी ती रेकॉर्ड काढीत. एकीच्या कागदाला कोपऱ्यात टाका घातलेला, दुसरीच्या कागदी पाकिटाला कुंकवाचे बोट लागलेले, तिसरी वजनाला जड, चौथीच्या पहिल्याच ओळीला 'टक्' असा आवाज. त्यांची सगळी यादी त्यांच्या बोटांत होती. मला वाटले, हे लिहून ठेवावे. दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, आणि त्या सांगतील तसे मी लिहू लागले. अडतीस रेकॉर्डी लिहून झाल्या. मी वही मिटू लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि परडीतली? ती लिहिलीस का?"

त्या परडीकडे पुढे येतेच. आधी या वस्तूविषयी थोडे सांगायला हवे, कारण आजच्या मुलींनी ती कदाचित पाहिलीही नसेल.

ही काळी तबकडी लाखेची. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांच्यापासून मिळणारी ही राळ. आपल्या लाखेच्या बांगड्या जिच्या, सावंतवाडीच्या खेळण्यांना चकाकी जिची, तीच. तिच्यात दगडाची बारीक पूड व काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ही दहा इंची तबकडी एका बाजूला साधारण तीन मिनिटे वाजे. लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणूनच तर आमच्या परड्या झाल्या!

हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करण्यासाठी ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आले. नोव्हेंबर महिन्यात एका हॉटेलात सामान मांडून त्यांनी गाणी मुद्रित केली. त्या गाणाऱ्यांत गौहर जान होत्या. विजेचे ध्वनिग्राहक अद्याप यायचे होते. गाणाऱ्याने एका भोंग्यात तोंड घालून ओरडावे तसे गायचे, आणि तासाचा ख्याल किंवा ठुमरी तीन मिनिटांत आटोपायची. हे जमणे सोपे नव्हते. मोठमोठ्या उस्तादांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. अल्लादियाखाँसाहेबांसारख्या गायकाचा आवाज आपल्याला आज कोठेच ऐकायला मिळत नाही. गौहर जान यांना मात्र ती तीन मिनिटे साधली. त्यांनी पुढे अनेक भाषांत शेकडो तबकड्या दिल्या, आणि १९३० साली म्हैसूरला त्यांचे निधन झाले.

त्यांच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी एक गंमत आहे. गाणे संपते न संपते तोच त्या ठसक्यात इंग्रजीत सांगतात, "माय नेम इज गौहर जान!" पुष्कळांना तो नखरा वाटतो. पण त्याला कारण होते. मुद्रित मेणाच्या तबकड्या जहाजाने जर्मनीत हानोव्हरला जात आणि तिथे छापल्या जात. तिथल्या कामगारांना ना आपली भाषा कळे, ना आपली नावे. कोणते गाणे कोणाचे, याचा घोटाळा होऊ नये म्हणून गाणाऱ्याने आपले नाव सांगून टाकायचे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. मग ही गरज उरली नाही आणि हळूहळू ती पद्धतही गेली. मला मात्र नेहमी वाटते, पद्धत गेली ती बायकांच्या दृष्टीने बरी झाली नाही. जोवर बाई स्वतःच्या तोंडाने नाव सांगत होती तोवर ते पक्के होते. पुढे ते कागदाच्या चकतीवर कंपनीवाले लिहू लागले, आणि माझ्यासारखीच्या डोक्याला ताप झाला.

हा ताप काय असतो ते वही लिहिल्याखेरीज कळत नाही. पुरुष गायकाची नोंद सरळ असते. आडनाव, नाव, गाणे, क्रमांक. बायकांचे तसे नाही. सुरुवातीच्या तबकड्यांवर 'जान' आणि 'बाई' आहेत, त्यांच्यापुढे गावाचे नाव, आडनाव नाहीच. नंतर कुलीन म्हटल्या जाणाऱ्या घरांतल्या मुली गाऊ लागल्या, तेव्हा 'मिस' आणि 'कुमारी' आल्या. नाव अर्धे, कधी टोपणनाव. गाणे विकत घेऊन घरोघर ऐकायचे, पण गाणारीचे नाव चारचौघांत यायला नको, असा तो काळ होता.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. गंगूबाई हनगल यांचा आवाज आज कोणाला ठाऊक नाही? १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या तेव्हा त्यांवर नाव होते गांधारी, आणि पुढे गाव हुबळी. पुढच्या तबकड्यांवर त्या गंगूबाई झाल्या. त्यांनी त्या काळात मराठी भावगीतेही गायिली, जी. एन. जोशी यांच्याबरोबर युगुलगीतेही. (हे जोशी वकिलीची परीक्षा झालेले, पुढे १९३८ पासून त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि कित्येक मोठ्या गवयांना त्यांनी गोडीगुलाबीने स्टुडिओत आणले.) माझ्या वहीत 'गांधारी' ही एक स्वतंत्र गायिका म्हणून तीन वर्षे नांदत होती. ती म्हणजेच गंगूबाई हे मला कोणी सांगितले असेल? सासूबाईंनी! "अगं, ही गंगूबाईच. आवाज ऐक की." तेव्हाचा तो कोवळा, उंच आवाज आणि पुढचा तो भारदस्त आवाज यांतले साम्य त्यांनी कसे ओळखले, देव जाणे.

आपल्या मिरजेच्या हिराबाई बडोदेकर यांचेही तसेच. १९०५ साली इथे जन्मल्या. वडील अब्दुल करीमखाँसाहेब, ज्यांच्या पुण्यतिथीला अजून मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणे होते. आई ताराबाई माने. आई मुलांना घेऊन वेगळी झाली आणि मुले तिच्याकडची नावे लावू लागली. म्हणून भाऊ सुरेशबाबू माने, बहीण सरस्वतीबाई राणे आणि हिराबाई बडोदेकर. एकाच आईच्या कुशीतली ही भावंडे वहीत तीन वेगवेगळ्या अक्षरांखाली बसली आहेत. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, रंगभूमीवर स्वतः स्त्रीभूमिका केल्या, आणि पदर खांद्यावर घेऊन बसलेल्या बाईचे गाणे घरंदाज श्रोत्यांनी ऐकण्यात काही वावगे नाही हे त्यांनी न बोलता पटवून दिले. माझ्या सासूबाईंच्या पेटीतल्या अडतीसांपैकी नऊ तबकड्या हिराबाईंच्या होत्या. आमच्या सासऱ्यांना बाईचे गाणे घरात वाजवलेले खपत नसे, पण "हिराबाई चालतील" असे ते म्हणत.

आणि मग लग्ने! माणिक दादरकर या नावाने गाणारी मुलगी १९४९ नंतर माणिक वर्मा झाली. ललिता देऊळकर त्याच सुमारास ललिता फडके झाल्या. मालती पांडे यांच्या नावाला बर्वे जोडले गेले. दुर्गा केळेकर ज्योत्स्ना भोळे झाल्या; त्यांचे तर नाव आणि आडनाव दोन्ही गेले. गाणे तेच, गळा तोच, आणि वहीत दोन ठिकाणी दोन बायका. यावर उपाय म्हणून मी 'पाहा' घालायला सुरुवात केली. 'दादरकर, माणिक : पाहा वर्मा, माणिक.' पण कोणते नाव मुख्य धरायचे? लग्नानंतरचे धरले तर पहिली दहा वर्षे झाकली जातात. माहेरचे धरले तर लोक त्या नावाने शोधायलाच येत नाहीत. शेवटी ज्या नावाने तबकडी निघाली त्याच नावाखाली ती लिहायची आणि दोन्हीकडे 'पाहा' घालायचे, असे मी ठरवले. माझ्या नऊ वह्यांत असे एकशे बारा 'पाहा' आहेत, आणि जवळजवळ सगळे बायकांचे. पुरुषांत मुख्य 'पाहा' एकच : 'राजहंस, नारायण श्रीपाद : पाहा बालगंधर्व.' तोही स्त्रीभूमिका करणाऱ्याचा!

सिनेमाचे प्रकरण याहून अवघड आहे. सासूबाईंच्या पेटीच्या तळाशी गाण्यांची पुस्तके होती. थिएटरात मध्यंतरापूर्वी पोरगा विकायला येई ती. चार-आठ पाने, वर नटीचे चित्र, आत गाणी आणि कथानक. ऐन रंगात आलेले कथानक सोडून 'पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावर पाहा' असे सांगण्याची त्यांची रीत. त्यांतली कित्येक चित्रे आज कोणत्याच पडद्यावर पाहता येत नाहीत, तेव्हा त्या नायिकेचे पुढे काय झाले हे मला मरेपर्यंत कळायचे नाही. ही पुस्तके लोकांनी रद्दीत घातली. परंतु जिथे चित्रपटच नष्ट झाला आहे तिथे हे दोन आण्यांचे पुस्तकच त्याचा पुरावा उरतो. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

चित्रपट असे नाहीसे कसे होतात, असे मला पुष्कळजणी विचारतात. जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते, नीट न ठेवल्यास चिकट होऊन पुढे तिची पूड होते. शिवाय तिच्यात चांदी असते, आणि चालून संपलेल्या चित्रपटाच्या रिळांतली चांदी काढून विकणे हा एक धंदाच होता. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आपले आयुष्य त्यात घातले. बालपणी सिनेमाची अर्धी तिकिटे जपून ठेवणारा हा मुलगा! फाळक्यांचे चित्रपट त्यांनी फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत जाऊन मिळवले. 'कालिया मर्दन' (१९१९) आज पाहता येतो, आणि त्यात बाळकृष्ण झालेली दादासाहेबांची लहान मुलगी मंदाकिनी आपल्याला दिसते, ती त्यामुळे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्म ठेवलेल्या जागेला आग लागली आणि पुष्कळ जुनी रिळे गेली. त्या दिवशी बातमी वाचून मी स्वयंपाक केला नाही. घरात कोणी काही बोलले नाही.

फाळक्यांचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण बाई मिळाली नाही. हे सर्वांना पाठ आहे. पण त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. म्हणजे 'बाई मिळत नव्हती' हा इतिहास काही महिन्यांचाच आहे. आणि खुद्द 'राजा हरिश्चंद्र'मध्येही एक बाई होतीच, फक्त पडद्यावर नव्हती. सरस्वतीबाई फाळके! अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, चित्रित फिल्म धुणे, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणे, हे सारे त्यांनी केले. दागिनेही दिले. नामावळीत असे काम मांडायला रकानाच नसतो. माझ्या वहीच्या रकान्यांतही नव्हता. मग मी एक नवा रकाना आखला आणि त्याला 'इतर हात' असे नाव दिले. त्यातली पहिली नोंद सरस्वतीबाईंची आहे. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, कोल्हापूरला प्रभातने तीच कथा 'अयोध्येचा राजा' म्हणून बोलपटात केली, तेव्हा तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. आणि त्यांनी आपली गाणीही स्वतः म्हटली. एवढ्या एका तारामतीच्या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्या तरी वीस वर्षांत काय घडले ते दिसते.

पार्श्वगायन आल्यावर मात्र बायकांची नावे पुन्हा पडद्याआड गेली. 'महल' (१९४९) मधले ते गाजलेले गाणे घ्या. तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे मधुबालेच्या पात्राचे नाव! लोकांनी रेडिओला पत्रांवर पत्रे लिहिली की ही गाणारी कोण, तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. लताबाईंच्या बाबतीत लोकांनी विचारले. ज्यांच्याविषयी कोणी पत्र लिहिले नाही, अशा कितीतरी 'कामिनी' राहूनच गेल्या.

त्या शोधणारे वेडे आहेत, आणि ते माझ्यापेक्षा फार थोर आहेत. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी १९८० पासून 'हिंदी फिल्म गीत कोश' खंडाखंडाने प्रसिद्ध केला. दशकवार प्रत्येक चित्रपट, त्यातली गाणी, गायक, तबकडीचा क्रमांक. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ पर्यंतच्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूची केली. इतक्या दूरच्या माणसाला आपल्या बाई-जानांची नावे सुवाच्य लिहावीशी वाटली, याचा मला आनंद होतो आणि थोडी शरमही वाटते. मुंबईत १९९० साली तबकडी-संग्राहकांची एक संस्था निघाली, तिचे नियतकालिकही निघे. त्यातूनच मला कळले की चकतीवर छापलेला क्रमांक वेगळा आणि तिच्या शेजारी लाखेत कोरलेला बारीक क्रमांक वेगळा. छापलेला क्रमांक विक्रीचा. कोरलेला मूळ मुद्रणाचा. कागद फाटला, नाव पुसले गेले, तरी कोरलेला आकडा राहतो. भिंग घेऊन, तबकडी उजेडात तिरकी धरून तो वाचावा लागतो. आमच्या घरी पाहुणे आले की मला गच्चीवर उन्हात अशी उभी पाहून ते जरा बिचकतात.

या लोकांच्या चिकाटीचा एक किस्सा मला फार आवडतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. पृथ्वीवरचे संगीत म्हणून सत्तावीस तुकडे तीत घेतले, त्यांत हिंदुस्थानचे एक : केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज. गाणे निवडले खरे, पण तबकडी मिळेना! शेवटी अ‍ॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका टेबलाखालच्या खोक्यात सापडली. गोव्याच्या केरी गावच्या या बाई स्वतः ध्वनिमुद्रणाच्या फारशा भोक्त्या नव्हत्या. याने ऑगस्ट आणि सप्टेंबरात सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. टेबलाखालचे खोके कोणी आधीच रद्दीत दिले असते तर?

किंवा परडी केली असती तर.

तर ती परडी. सासूबाईंनी विचारले तेव्हा मी गप्प झाले. मग त्यांनीच सांगितले. ती रेकॉर्ड सर्वांत वर असे, कारण ती सर्वांत जास्त वाजे. एका बाजूला अभंग, दुसऱ्या बाजूला भावगीत. गाणारी त्यांच्या माहेरची, तासगावची, शेजारच्या वाड्यातली मुलगी. चकतीवर नुसते 'मिस' आणि एक नाव होते. हेही खरे नाव नव्हे. मुंबईला जाऊन एकदाच गायिली, दोन गाणी. त्याच वर्षी लग्न झाले, आणि सासरी ही गोष्ट कोणाला माहीतही नव्हती. सासूबाईंना लग्नात तिने ती रेकॉर्ड आहेर म्हणून दिली, ट्रंकेत तळाशी घालून.

"मग तुम्ही मला तेव्हा बोलला का नाहीत?" मी विचारले.

"बोलून काय ती सपाट झाली असती? आणि फोनो बंदच होता. निदान देवाच्या फुलांना तरी आली."

मग त्यांनी अभंगाचे ध्रुपद म्हणून दाखवले, आणि पाठोपाठ दोन कडवी. भावगीताचे त्यांना एकच कडवे आठवत होते. मी शब्द उतरून घेतले. चाल उतरून घेण्याइतके स्वरज्ञान मला नव्हते आणि टेपरेकॉर्डर आमच्याकडे १९८३ मध्ये आला. तोवर त्यांचा दम कमी झाला होता. एकदा बसवून पाहिले, पण खोकल्याने पुढे जाता येईना. १९८८ मध्ये त्या गेल्या.

परडीच्या तळाशी चकतीचा कागद कढत पाण्याने सोलवटून गेला आहे. पण कोरलेला क्रमांक आहे. तो मी १९९४ मध्ये मुंबईच्या एका संग्राहकांना पाठवला. त्यांनी कोणती कंपनी, साधारण कोणते साल इतके कळवले, आणि लिहिले की दुसरी प्रत पाहण्यात नाही, लक्ष ठेवतो. त्यानंतर मी बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबईचा चोरबाजार, जिथे जिथे गेले तिथे तिथे ढिगात हात घालून पाहिले आहे. पुतण्याने मला आता संगणकावर जगभरच्या याद्या पाहायला शिकवले, तेही केले. दुसरी प्रत अद्याप मिळालेली नाही. मागे एका तंत्रज्ञाने मला सांगितले की वाकलेल्या तबकडीतलेही आवाज प्रकाशाच्या साह्याने वाचण्याचे प्रयोग परदेशांत झाले आहेत. पण माझी परडी नुसती वाकलेली नाही. तिच्या कडेला मी बोटांनी अकरा चुण्या पाडल्या आहेत, आणि वर सोनेरी रंग आहे.

वहीत तिचा क्रमांक एकोणचाळीस. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे : 'वाजत नाही. शब्द पान ४० वर.' गाणाऱ्या बाईंची दोन्ही नावे तिथे आहेत, चकतीवरचे आणि खरे. येथे ती देत नाही, कारण त्यांच्या सासरची मंडळी आहेत आणि त्यांना ही हकीगत ठाऊक आहे की नाही हे मी अजून विचारलेले नाही. विचारायचे मनात आहे. दरवर्षी असते.

आता थोडे कामाचे. कोणा भगिनीच्या माळ्यावर जुन्या तबकड्या निघाल्या तर त्या आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. ओल्या, मऊ फडक्याने वाटेवाट गोल पुसा आणि लगेच कोरड्या करा. कागदी चकती भिजू देऊ नका. स्पिरिट मुळीच लावू नका, त्यात लाख विरघळते. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला एकदा दाखवा. चिरलेल्या, कड फुटलेल्यासुद्धा. विशेषतः ज्यांच्यावर नुसते 'मिस' लिहिले आहे अशा. दुपारी चारनंतर मी घरीच असते, आणि फोनो चालू आहे.